घरच्या घरी सुऱ्या घडवायच्या तर: बेळगाव भागात कोणतं यंत्र आधी, कोणतं नंतर आणि कोणतं काम बाहेरून

सुरी घडवायचा नाद लागला की माणूस आधी पट्टा-ग्राइंडरच्या किमती बघायला लागतो. परदेशी व्हिडिओत प्रत्येकाच्या पाठीमागे दोन इंची पट्ट्याचं मोठं मशीन फिरत असतं, आणि ते नसेल तर हे काम आपलं नव्हेच असं वाटू लागतं. माझं मत उलटं आहे. पहिल्या चार-पाच सुऱ्यांसाठी ते मशीन नसलेलंच बरं. बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात राहणाऱ्याला तर त्याची घाई मुळीच नको, कारण आपल्याकडे जॉबवर्क हाकेच्या अंतरावर आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं आणि पुढे कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर केले. आज उद्यमबागेत, मच्छेत लेथ, मिलिंग, फौंड्री सगळं चालू असतं. तेव्हा कोणतं यंत्र स्वस्त आहे हे नंतर बघा. कोणतं काम आपल्या हातानेच व्हायला हवं आणि कोणतं पैसे देऊन करून घेतलं तरी चालेल, हे आधी ठरवा.

काय घडवणार, ते ठरवा

भाजी चिरायची सुरी, चार-पाच इंचाचं पातं, ३ मिलिमीटर जाड पोलादी पट्टी, एका अखंड पट्टीतच पातं आणि मूठ. एवढ्यावर सुरुवात करा. कोयता, विळी, खाटकाचा सुरा हे सगळं नंतर. पट्टी जाड असेल तर घासायचं लोखंड वाढतं, आणि मग मोठ्या यंत्राची गरज उगाच भासायला लागते. ट्रकचा जुना पाटा फुकटात मिळाला म्हणून पुष्कळजण तो आणतात. पाटा चांगल्या पोलादाचा असतो हे खरं, पण तो जाड, वाकडा तुकडा ऐरणीवर ठोकून पातळ करावा लागतो, आणि जुन्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असू शकतात. त्यापेक्षा एन ३१ किंवा तत्सम कार्बन पोलादाची पट्टी विकत घ्या. ३ मिलिमीटरची मिळाली नाही तर जाड पट्टी सरफेस ग्राइंडिंगवाल्याकडून उतरवून घ्या. घराच्या बांधकामातली साधी लोखंडी पट्टी मात्र नको. तिला कितीही ताव दिला, म्हणजे तापवून झटकन थंड केली, तरी ती कडक होत नाही.

कायद्याचंही आत्ताच सांगून टाकतो. शस्त्र नियम २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी बनवलेली त्यातून वगळलेली आहेत. स्वयंपाकघरातली सुरी आणि शेतातला कोयता करा. तलवार-जंबिया प्रकारापासून नवशिक्याने लांबच राहावं.

वीज आणि जागा

मशीनच्या दुकानात जाण्याआधी वायरमनला घरी बोलवा. अँगल ग्राइंडर ६००-८५० वॅटचा असतो, तो साध्या ६ अँपिअरच्या पॉइंटवर चालतो. पण पुढे दीड किलोवॅटची, म्हणजे दोन अश्वशक्तीची मोटर लावली तर ती ९-१० अँपिअर घेते, आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. त्यासाठी १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉवर पॉइंट, नीट अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) हवा. लोखंडाचा भुसा वीजवाहक असतो आणि तो स्विचबोर्डात जातो, म्हणून बोर्ड कामाच्या जागेपासून बाजूला, उंचावर घ्या. एक्स्टेंशन वापरायचीच तर २.५ चौरस मिलिमीटरची वायर घ्या आणि गुंडाळी पूर्ण सोडून वापरा. गुंडाळलेली वायर तापते.

खेड्यात दुसरी अडचण. संध्याकाळी व्होल्टेज उतरतं, मोटर नुसती घुमते आणि फिरत नाही. अशी घुमणारी मोटर लगेच बंद करा, नाहीतर वाइंडिंग जळतं. आणि लाइट गेली तर आधी ग्राइंडरची पिन काढायची. सरकवून चालू होणाऱ्या स्विचचा ग्राइंडर तसाच चालू राहिला असेल तर हेस्कॉमची वीज परत येताच तो टेबलावरून उडी मारतो. आपल्याकडे वीज जाते-येते किती, हे वेगळं सांगायला नको. म्हणूनच हात सोडला की बंद होणाऱ्या पॅडल स्विचचा ग्राइंडर थोडा महाग असला तरी घ्यावा.

जागा पडवीत किंवा परसात असेल तर ठिणग्या कुठे पडतात ते बघा. कडब्याची गंजी, शेणी, गाडीची पेट्रोलची टाकी, गॅसचा सिलिंडर यांच्या दिशेला ठिणग्या जाता कामा नयेत. शहरातल्या गल्लीत राहत असाल तर शेजारी आवाजाला कंटाळणार हे धरून चाला. वडगाव-खासबागेत मागाच्या खटखटीत तुमचा ग्राइंडर कदाचित खपून जाईल, टिळकवाडीतल्या अपार्टमेंटात नाही.

यंत्राआधीची खरेदी

पहिले पैसे व्हाइसवर घाला. चार इंची, जड, बिडाचा व्हाइस, आणि तो पक्क्या टेबलाला चार बोल्टांनी आवळलेला. हलणाऱ्या व्हाइसमध्ये धरलेली पट्टी कोणत्याही महागड्या यंत्राने सरळ घासली जात नाही. त्यासोबत एक मोठी खरड कानस, एक मध्यम, एक बारीक, दोन सी-क्लॅम्प, आणि २२० पासून ६०० पर्यंतचा पॉलिश पेपर. सगळं मिळून तीन-चार हजारांत बसतं.

त्यानंतर बाजूने झाकलेला चष्मा, त्यावर पारदर्शक फेसशील्ड, कानात घालायचे प्लग आणि मास्क. मास्क कापडी नको. आयएस ९४७३ या भारतीय मानकाचा शिक्का असलेला घ्या. शिसवीची, सागवानाची धूळ आणि पोलादाची धूळ दोन्ही छातीला वाईट, आणि मुठीचं लाकूड घासताना माणूस जास्त बेफिकीर असतो. लुंगी, ओढणी, गळ्यातला गोफ, मनगटातला गंडा फिरत्या यंत्राजवळ नको. हातमोजे अँगल ग्राइंडरवर चालतात, पण ड्रिल आणि पट्ट्यावर कधीच नाही. मोजा अडकला की बोट त्याच्या मागून जातं.

पहिलं यंत्र: चार इंची अँगल ग्राइंडर

हे एकच यंत्र कापतं, घासतं, गंज काढतं आणि मुठीचा आकार ढोबळ उतरवतं. १०० मिलिमीटरचा, ६०० ते ८५० वॅटचा, नावाजलेल्या कंपनीचा ग्राइंडर दोन ते तीन हजारांच्या आसपास मिळतो. पाच इंची घेऊ नका. तो जड असतो, झटका मोठा देतो, आणि सुरीच्या कामात त्या जादा ताकदीचा उपयोग होत नाही.

दुकानदार म्हणेल, "घ्या की ओ, सगळे हेच घेऊलालेत." तुम्ही त्याला विचारा की या मशीनचे कार्बन ब्रश, आर्मेचर आणि स्विच तुमच्याकडे आत्ता आहेत का? काढून दाखवा. जे सुटे भाग गावात मिळतात तेच मशीन स्वस्त. ऑनलाइन हजार रुपयांत आलेल्या, नाव न ऐकलेल्या ग्राइंडरचं आर्मेचर जळलं की तो भंगारात जातो. बॉश, मकिता, डीवॉल्ट यांचे भाग मिळतात. आपल्या जवळच शिरोळला बनणारी केपीटीची यंत्रंही वाईट नाहीत. परवडत असेल तर वेग कमी-जास्त करता येणारा ग्राइंडर घ्या. याचं कारण जरा खोलात सांगतो, कारण पुढचा पट्टा-ग्राइंडरचा हिशोबही यावरच आहे.

चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. १०० मिलिमीटरच्या चकतीची कड त्यामुळे मिनिटाला जवळजवळ ३,४५० मीटर धावते, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. या वेगात पातळ धार दोन-तीन सेकंदांत निळी पडते. ताव दिलेल्या पात्यावर निळा रंग आला म्हणजे तिथलं पोलाद तीनशे अंशांपर्यंत जाऊन मऊ झालं. ती धार टिकत नाही आणि रंग पॉलिशने घालवला तरी मऊपणा जात नाही. म्हणून अँगल ग्राइंडरने जे काही घासायचं ते ताव देण्याआधी घासा, आणि धारेला निदान एक मिलिमीटर जाडी ठेवून थांबा. ताव दिल्यानंतर ग्राइंडर लावायचाच असेल तर बोटाने पातं धरता येईल इतपतच तापू द्या, शेजारी पाण्याची बादली ठेवा आणि दर फेरीला बुडवा.

चकत्यांचं म्हणाल तर तीनच घ्या. कापायला १ मिलिमीटर जाडीची कटिंग डिस्क. ढोबळ घासायला ४० किंवा ६० ग्रिटची फ्लॅप डिस्क, म्हणजे पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितका दाणा बारीक). सफाईला १२० ग्रिटची फ्लॅप डिस्क. सहा मिलिमीटरची जाड ग्राइंडिंग डिस्क वेल्डिंगवाल्यांसाठी ठीक, पण ती पात्यात खड्डे पाडते. नॉर्टन किंवा क्युमीच्या चकत्या बेळगावात हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. चकती घेताना तीन गोष्टी वाचा: तिच्यावरचा कमाल वेग (चार इंचीवर साधारण १५,००० च्या पुढे असतो आणि तो ग्राइंडरपेक्षा जास्तच हवा), भोकाचा व्यास १६ मिलिमीटर, आणि मधल्या धातूच्या कड्यावर छापलेली मुदत. कटिंग डिस्कमधला राळेचा बंध काळाने आणि ओलीने कमजोर होतो. मुदत संपलेली किंवा खाली पडलेली चकती बिनदिक्कत फेकून द्या. गार्ड काढायचं नाही. लाकूड कापायची दातेरी चकती अँगल ग्राइंडरला लावायची नाही, दुकानदाराने कितीही सांगितलं तरी.

कापताना पट्टी व्हाइसमध्ये घट्ट, दोन्ही हात ग्राइंडरवर, बाजूचं हँडल लावलेलं. आखलेल्या रेषेच्या दीड-दोन मिलिमीटर बाहेरून सरळ काप घ्या. गोलाई असेल तिथे बाहेरून रेषेपर्यंत आडवे आडवे छोटे काप देऊन तुकडे पाडा, मग फ्लॅप डिस्कने रेषेपर्यंत या. कापातली चकती तिरकी करू नका. ती अडकते, फुटते, आणि फुटलेला तुकडा तोंडाच्या दिशेने येतो. म्हणूनच उभं राहायचं ते चकतीच्या रेषेत नाही, थोडं बाजूला.

धारेचा उतार मात्र पहिल्या दोन सुऱ्यांना कानशीने काढा. पट्टी लाकडी फळीवर क्लॅम्प करा, एका बाजूला कोन ठरवणारी जिग बांधा आणि घासा. एक संध्याकाळ जाईल, दोन जातील. पण दोन्ही बाजूंचा उतार सारखा कसा येतो हे हाताला इथेच कळतं. पुढे पट्ट्यावर ते काही सेकंदांत करायचं असतं, आणि हाताला माहीत नसेल तर पट्टा काही सेकंदांत पातं वायाही घालवतो.

भोकं: ड्रिल घ्यावं की दहा रुपये देऊन पाडावीत?

मुठीला दोन-तीन भोकं लागतात. ती ताव देण्याआधीच पाडायची. नंतर साधं एचएसएस (हाय-स्पीड स्टीलचं) बिट पोलादावर नुसतं घसरतं. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे पिलर ड्रिल असतं, तो किरकोळ पैशांत सरळ भोकं पाडून देईल. महिन्याला एखादी सुरी करणाऱ्याने एवढ्यावरच भागवावं.

ड्रिल घ्यायचंच असेल तर १३ मिलिमीटर चकचं, ट्रिगरने वेग कमी-जास्त होणारं हातड्रिल घ्या. घरातल्या इतर कामालाही ते येतं. ५ मिलिमीटरच्या बिटला अशा पोलादात मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे पुरेत. पूर्ण वेगाने दाबलं तर बिटची टोकं जळतात. आधी सेंटर पंच, मग ३ मिलिमीटर, मग ५, आणि दर वेळी दोन थेंब तेल. हातड्रिल अडकवायचे स्वस्त स्टँड मिळतात, ते डुगडुगतात. त्यावर पैसे घालण्यापेक्षा थोडं थांबून छोटं बेंच ड्रिल घेतलेलं परवडतं. पट्टी चकखाली हाताने धरू नका. बिट अडकलं की ती पंख्यासारखी फिरते.

ताव देणं: बाहेरून

एन ३१ ला साधारण ८२०-८४० अंशांपर्यंत नेऊन तेलात थंड करावं लागतं आणि मग २०० अंशांवर दोन तास मुरवावं लागतं. लोहाराच्या भट्टीत हे जमतं, पण गावचा लोहार सवयीने पाण्यात बुडवतो आणि पातळ एन ३१ पाण्यात तडकतं. त्याला तेल तुम्ही नेऊन द्या, कोमट करून. दुसरा आणि माझ्या मते चांगला मार्ग म्हणजे हीट ट्रीटमेंटचा कारखाना. तिथे लॉटचा किमान दर असतो, म्हणून चार-पाच पाती एकत्र न्या, पोलादाचं नाव नक्की सांगा आणि ५८ ते ६० एचआरसी (रॉकवेल मापाने) कडकपणा मागा. कोणतं पोलाद ते माहीत नाही असं सांगणाऱ्याचं पातं कोणी भट्टीत घालत नाही, आणि ते बरोबरच आहे. भंगारातल्या पाट्यापेक्षा बिलाची पट्टी बरी, ती यासाठीही.

स्वतः भट्टी करायची हौस असेल तर यंत्र म्हणून फक्त छोटा ब्लोअर लागतो.

आता पट्टा-ग्राइंडर

चार-पाच सुऱ्या झाल्या, कानशीने हात भरून आले आणि तरी करावंसं वाटतंय, तर पट्टा-ग्राइंडर घ्या. इथे तीन वाटा आहेत.

पहिली, एक इंची पट्ट्याचं छोटं तयार मशीन (२५ × ७६२ मिलिमीटर). आठ-दहा हजारांच्या आसपास मिळतं. धार लावायला आणि मुठीला उत्तम. पातं उतरवायला त्याची ताकद कमी पडते, दाबलं की थांबतं. दुसरी, पूर्ण तयार दोन इंची मशीन (५० × १८३० मिलिमीटरचा पट्टा). चांगलं मशीन तीस-चाळीस हजारांच्या पुढेच. तिसरी वाट म्हणजे ते इथेच बनवून घेणं, आणि बेळगावच्या माणसासाठी मला हीच पटते.

फ्रेम चौकोनी पाइपची, वेल्डिंगवाल्याकडून. चाकं ॲल्युमिनियमची, लेथवाल्याकडून. वरच्या ताणाच्या चाकाला मध्ये किंचित फुगवटा मागा, म्हणजे पट्टा मधोमध राहतो. मोटर एक ते दोन अश्वशक्तीची, पूर्ण बंद बॉडीची. उघड्या जाळीची मोटर लोखंडाचा भुसा ओढून घेते आणि महिन्याभरात जळते. एक अश्वशक्तीच्या चार पोल मोटरचा शाफ्ट बहुधा १९ मिलिमीटर आणि दोन अश्वशक्तीचा २४ मिलिमीटर असतो, तरी मोटर आधी घ्या आणि शाफ्ट मोजूनच चाकाचं भोक आणि चावीची खाच सांगा. लेथवाल्याकडे दोनदा जायची वेळ येत नाही.

वेगाचा हिशोब सोपा आहे. चाकाचा व्यास मीटरमध्ये, गुणिले ३.१४, गुणिले मोटरचे फेरे. १,४४० फेऱ्यांच्या मोटरवर १०० मिलिमीटरचं चाक लावलं तर पट्टा मिनिटाला सुमारे ४५० मीटर धावतो. १५० मिलिमीटरचं लावलं तर ६८०. २,८५० फेऱ्यांच्या मोटरवर १०० मिलिमीटरचं चाक ९०० च्या आसपास नेतं. सराईत लोक याहून दुप्पट वेगावर काम करतात. नवशिक्याने ४५० वर सुरुवात करावी. अँगल ग्राइंडरच्या कडेचा वेग आठवा, म्हणजे या मंद पट्ट्यावर पातं सावकाश का तापतं ते कळेल. हात बसला की मोठं चाक लावा. चाक बदलायला लेथवाल्याचे थोडे पैसे लागतात, मशीन बदलावं लागत नाही.

वेग बटणाने बदलायचा असेल तर व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक डबा लागतो. सिंगल फेज आत, थ्री फेज बाहेर. इथे लोक फसतात ते मोटरच्या जोडणीत. लहान थ्री फेज मोटर बहुधा ४१५ व्होल्टसाठी स्टारमध्ये जोडलेली असते. घरगुती व्हीएफडीतून २३० व्होल्टच बाहेर येतात, म्हणून ती डेल्टामध्ये जोडावी लागते. त्यासाठी मोटरच्या डब्यात सहा टोकं बाहेर आलेली हवीत. तीनच असतील तर ती मोटर घेऊ नका. आणि साध्या सिंगल फेज मोटरला पंख्याचा रेग्युलेटर लावून वेग कमी करायचा जुगाड कोणी सांगितला तर हात जोडा आणि निघा.

मशीनआधी पट्टे कुठे मिळतात ते विचारा. चमत्कारिक मापाचं मशीन स्वस्त मिळालं आणि त्याचे पट्टे सहा महिने आले नाहीत तर ते मशीन कोपऱ्यातच राहणार. ढोबळ कामाला ४० आणि ६० ग्रिटचे झिरकोनिया किंवा सिरॅमिक पट्टे, सफाईला १२० आणि २२० चे साधे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे. सिरॅमिक महाग असतो, शिवाय मंद वेगावर हलक्या हाताने वापरला तर तो बोथट होतो, त्यामुळे सुरुवातीला झिरकोनिया पुरे. बोथट पट्टा नुसता तापवतो, म्हणून शेवटच्या धाग्यापर्यंत वापरायची काटकसर पात्याच्या मुळावर येते.

जुनं मशीन बघताना

बंद कारखान्याचा माल निघतो तेव्हा चांगली बेंच ड्रिल, व्हाइस आणि मोटरी स्वस्तात हाती लागतात. व्हाइस आणि बेंच ड्रिल जुनी बिनधास्त घ्या. हातातली विजेची यंत्रं बघून घ्या. शाफ्ट धरून आडवा हलवा, खुळखुळला तर बेअरिंग गेलं. पाच मिनिटं चालू ठेवा, फटीतून आत कार्बनभोवती ठिणग्यांचं पूर्ण कडं दिसलं किंवा जळका वास आला तर परत द्या. गार्ड आणि बाजूचं हँडल नसलेला ग्राइंडर कोणत्याही किमतीला नको.

काय घेऊच नये

बफिंग मोटर. सुरी आरशासारखी चमकावी म्हणून नवशिके ती पहिल्या वर्षीच आणतात. कापडी चाक धारेला पकडतं आणि पातं थेट पोटाच्या दिशेने फेकतं. या कामातलं सगळ्यात धोक्याचं यंत्र तेच. ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने, तेल लावून, एकाच दिशेने घासलेलं पातं स्वयंपाकघराला पुष्कळ देखणं दिसतं.

सहा इंची बेंच ग्राइंडरही सुरुवातीला लागत नाही. त्याचं दगडी चाक धार जाळतं. तारेचा ब्रश लावायला तो बरा, एवढंच.

पावसाळ्याची तयारी

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे जून ते सप्टेंबर सगळ्यालाच गंज चढतो. पाती आणि कानशी तेल लावून कागदात गुंडाळून ठेवा. ग्राइंडर वापरल्यावर हवा मारून भुसा काढा, नाहीतर ओला भुसा आतच धरून बसतो. पट्टे आणि चकत्या बंद डब्यात, जमिनीपासून वर ठेवा. पट्ट्याचा सांधा ओलीने सुटतो आणि चालू मशीनवर तुटला तर मनगटावर फटका बसतो. मे महिन्यात वर्षाचे पट्टे एकदम भरू नका, पावसाळ्यापुरते चार घ्या आणि बाकीचे दसऱ्याच्या सुमारास.